मुलांची अर्धशिशी आणि धरलेली मान

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो खरे म्हणजे डॉक्टरांचा. मी डॉक्टर नव्हे. एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. तर्कशास्त्राच्या मास्तराने मुलांच्या डोकेदुखीवर बोलावे ह्याचे तुम्हांला नवल वाटेल. परंतु ह्या दुखण्यात आपण मोठी माणसे ज्या चुका करतो, त्यांतल्या पुष्कळशा औषधाच्या नसतात, विचाराच्या असतात. तशी एक चूक मी स्वतः केलेली आहे. ती आधी सांगतो.

माझा एक भाचा शिक्षणासाठी आमच्या घरी राहतो. गोष्ट घडली तेव्हा तो बारा वर्षांचा, सातवीत होता. मुलगा हूड, पण अभ्यासात बरा. शाळा सुरू होऊन महिना झाला असेल-नसेल, आणि त्याने एक नवीच तक्रार काढली. "मामा, मान धरलीय." मग तासा-दोन तासांनी, "आता डोकं दुखतंय." चेहरा उतरलेला, जेवणावर वासना नाही, कधी एखादी उलटी. दुपारी झोप काढली, की संध्याकाळी स्वारी पुन्हा अंगणात हजर. असे महिन्यातून दोनतीनदा व्हायचे, आणि बहुधा शनिवारी व्हायचे. शनिवारी त्याच्या वर्गात गणिताची चाचणी असे. झाले! मी मनाशी अनुमान बांधले आणि एकदा चारचौघांत बोलूनही गेलो, "काय रे, गणित आलं की बरी तुझी मान धरते!" पोर काही बोलले नाही. पण त्यानंतर त्याने माझ्यापाशी तक्रार करणेच सोडले.

घरात इतरांचे उपाय चालू होतेच. माझ्या आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पत्नीने कोमट तेलाने मान चोळून दिली, कपाळाला सुंठीचा लेप लावला. शेजाऱ्यांनी जवळच्या गावातल्या एका मान बसवणाऱ्याचे नाव सांगितले. त्याने एका हाताने हनुवटी आणि दुसऱ्याने डोके धरून मान कट्‌कन फिरवली. मुलाने किंकाळी फोडली. "शीर सरकली होती, बसवली," असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मुलगा हसत-खेळत होता. आम्ही त्या माणसाचे गुण गायले. तीन आठवड्यांनी मान पुन्हा धरली, आणि डोकेही दुखले.

मग पोळा आला. गावात बैलांची मिरवणूक, वाजंत्री, पोराटोरांचा कल्ला. हा मुलगा आठ दिवस आधीपासून झुली आणि बाशिंगे ह्यांतच दंग होता. आणि ऐन पोळ्याच्या दिवशी, मिरवणूक दारावरून चाललेली असताना, तो माजघरात अंधारात पालथा पडलेला मला दिसला. दोन्ही हातांनी कान झाकून घेतलेले. एरवी मिरवणुकीत पहिला असणारा हा मुलगा. तिथे गणित नव्हते, चाचणी नव्हती, शाळाच नव्हती. माझे अनुमान त्या क्षणी कोसळले. मुलगा बहाणा करत नव्हता. चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेले. बहिणीलाही बोलावून घेतले होते. डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले. मान आधी दुखते की डोके आधी? दुखणे किती तास टिकते? उजेड सोसतो का? चालताना, जिना चढताना दुखणे वाढते का? मग बहिणीकडे वळून विचारले, "तुमचं डोकं दुखतं का कधी?" ती म्हणाली, "लहानपणापासनं माझं डोकं उठतं की! उन्हातनं आले, उपास घडला, की उठलंच. पण बायामाणसांचं चालायचंच." डॉक्टरांनी मुलाचा ताप पाहिला, हनुवटी छातीला लावून घेतली, डोळे तपासले, सरळ रेषेत चालवून पाहिले, आणि सांगितले, "ही अर्धशिशी आहे. मान सरकलेली नाही, मानेत दोष नाही. मान दुखते तीसुद्धा अर्धशिशीमुळेच." ह्या शेवटच्या वाक्यावरच आजचे माझे सगळे बोलणे आहे.

प्रथम अर्धशिशीबद्दल चार शब्द. नावावरून आपली समजूत अशी होते, की अर्धे डोके दुखले तरच ती अर्धशिशी. मोठ्या माणसांत पुष्कळदा तसे असते. लहान मुलांत मात्र बहुधा संपूर्ण कपाळ, दोन्ही बाजूंनी दुखते. मोठ्यांचे दुखणे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते. मुलांचे दोन तासांतही आटोपते. म्हणूनच "सकाळी रडत होता आणि संध्याकाळी विटीदांडू खेळतोय" असे दृश्य दिसते, आणि आपण त्याला ढोंगी ठरवतो. दुखण्याबरोबर मळमळ किंवा उलटी, उजेडाचा आणि आवाजाचा त्रास, पांढराफटक चेहरा, अंधारात पडून राहण्याची ओढ, ही तिची लक्षणे. एक खूण शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी : हालचालीने हे दुखणे वाढते. म्हणून जे मूल गणिताच्या तासाला डोके धरून बसते आणि खेळाच्या तासालाही मैदानाच्या कडेला तसेच बसून राहते, त्याच्यावर बहाण्याचा आरोप करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

आणि हे दुखणे दुर्मिळ आहे असेही नाही. स्वीडन देशातील उप्साला शहरात बो बिले नावाच्या बालरोगतज्ज्ञाने सुमारे नऊ हजार शाळकरी मुलांची पाहणी केली. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली. सात ते पंधरा वर्षांच्या त्या मुलांत शंभरात सुमारे चौघांना अर्धशिशी असल्याचे आढळले. त्यांपैकी ज्यांचा त्रास अधिक होता अशा ७३ मुलांची विचारपूस बिले ह्यांनी पुढे चाळीस वर्षे चालू ठेवली. काहींचे दुखणे तारुण्यात थांबले. पण पन्नाशीच्या सुमाराससुद्धा निम्म्याहून अधिक जणांना ते होतेच. वयात येण्याआधी मुलगे आणि मुली ह्यांत त्याचे प्रमाण साधारण सारखे असते. वयात आल्यावर मुलींत ते वाढते. घराण्यात कोणाला, विशेषतः आईला, असेल तर मुलाला होण्याचा संभव अधिक. माझ्या बहिणीने जे "चालायचंच" म्हणून तीस वर्षे सोसले, तेच तिच्या मुलाच्या वाट्याला आले होते.

आता मानेकडे वळू. डोक्याच्या दुखण्यात मान दुखण्याचे कारण काय?

आपल्या मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. कळते ती त्याच्यावरच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. त्यांच्या वेदनेचा निरोप, तसाच कपाळाचा आणि डोळ्यांचाही, एक तीन फाट्यांचा मोठा मज्जातंतू आत नेतो. डॉक्टर त्याला ट्रायजेमिनल म्हणतात. मानेच्या वरच्या भागाचा निरोप मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंनी जातो. ह्या दोन वाटा वेगळ्या खऱ्या. पण मेंदूच्या देठाखाली, मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी त्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तिथल्या कित्येक पेशींना कपाळाचाही निरोप येतो आणि मानेचाही. १९६१ साली केर आणि ओलाफसन ह्या संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांत हे दाखवून दिले.

शेतकरी बंधूंना हे चटकन समजेल. समजा, दोन विहिरींचे पाट वेगवेगळ्या बांधांवरून आले आणि पुढे एकाच चारीत मिळाले. चारीच्या शेवटी वाफ्याला पाणी देणाऱ्या माणसाला हे पाणी वरच्या विहिरीचे की खालच्या, हे सांगता येईल काय? आला लोंढा तेवढा त्याला दिसतो. आपल्या मेंदूचे तसेच आहे. अर्धशिशीत आवरणांकडून वेदनेचा लोंढा येतो, आणि मेंदू त्यातला काही वाटा मानेच्या नावावर मांडतो. मानेत काही मोडलेले नसते, सरकलेले नसते. पण मान खरोखरच दुखते. मुलगा खोटे सांगत नसतो. त्याच्या मेंदूकडेच जी बातमी आली ती तो आपल्याला सांगतो.

शिवाय पाण्याप्रमाणे हा परिणाम एकाच दिशेने वाहत नाही. लंडनमध्ये बार्ट्श आणि गोड्सबी ह्यांनी २००२ आणि २००३ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मानेकडचा मज्जातंतू चेतवला, की आवरणांकडून येणाऱ्या निरोपांना त्या सामाईक पेशी अधिक जोराने प्रतिसाद देऊ लागल्या. आणि उलट आवरणे चेतवली, तर मानेकडच्या निरोपांना. म्हणजे डोक्यामुळे मान हळवी होते आणि दुखऱ्या मानेमुळे डोके अधिक हळवे होऊ शकते. हा दुसरा भागही आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

मानेची ही तक्रार आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात 'अर्धावभेदक' ह्या रोगाचे वर्णन आहे. त्यात वेदनेच्या जागा सांगताना भुवई, कानशील, कान, डोळा आणि कपाळ ह्यांच्या जोडीला 'मन्या' म्हणजे मानेची बाजू सांगितली आहे. अलीकडची निरीक्षणेही तेच सांगतात. २०१४ साली जर्मनीतील म्युनिक शहरातल्या माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात मानेच्या दुखण्याचा संबंध अर्धशिशीशी आढळला. ताणाची जी साधी डोकेदुखी असते, तिच्याशी मात्र आढळला नाही. आपली समजूत नेमकी उलटी असते. मान दुखते म्हणजे ताण, वाकून बसणे, वाकडी उशी, असे आपण धरून चालतो.

इथे माझ्या तर्कशास्त्राचा प्रश्न येतो. भाच्याची मान आधी धरायची आणि डोके नंतर दुखायचे. तेव्हा मान हे कारण आणि डोके हे कार्य, असे आम्ही सर्वांनी धरले. त्या मान बसवणाऱ्याने तरी दुसरे काय केले? पण जे आधी घडते ते कारणच असते असे नाही. कोंबडा आधी आरवतो आणि सूर्य नंतर उगवतो. म्हणून कोंबडा झाकून ठेवला तर उजाडायचे राहत नाही. अर्धशिशीचा झटका डोके दुखू लागण्याच्या कितीतरी आधी, काही तास किंवा एखादा दिवस आधीसुद्धा, मेंदूत सुरू झालेला असतो. त्या वेळी जांभया येतात, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, थकवा वाटतो आणि मान आखडते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना अशी पूर्वचिन्हे जाणवतात त्या प्रौढ रुग्णांना ती दिसताच नोंदवून ठेवायला सांगितले होते. त्यात थकवा आणि लक्ष न लागणे ह्यांच्याबरोबर मान आखडणे हे सर्वांत जास्त वेळा नोंदले गेलेले चिन्ह होते. तेव्हा धरलेली मान ही पुष्कळदा येणाऱ्या झटक्याची वर्दी असते, त्याचे कारण नव्हे. कोंबड्याला दोष देण्यापेक्षा त्याचे आरवणे ऐकून वेळेवर उठावे, हेच शहाणपण.

दुसरी चूक गुण येण्याची. मान मोडून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मुलगा बरा झाला, हे खरे. पण मुलांचा झटका काही तासांनी आपोआपच ओसरतो. शेवटी जो उपाय केला असेल त्याच्या पदरात यश पडते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, त्यातलाच हा प्रकार. ह्या बाबतीत डॉक्टरांनी स्वतःच्या औषधांनाही सोडलेले नाही. अमेरिकेत आठ ते सतरा वर्षांच्या ३६१ मुलांवर एक मोठी चाचणी झाली. झटके कमी व्हावेत म्हणून रोज द्यायची दोन नावाजलेली औषधे दोन गटांना दिली, आणि तिसऱ्या गटाला नुसती बिनऔषधी गोळी दिली. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. औषधांच्या दोन गटांत १०० पैकी ५२ आणि ५५ मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले. बिनऔषधी गोळीच्या गटात ६१ मुलांचे! औषधांचे दुष्परिणाम मात्र अधिक दिसले. ह्याचा अर्थ मुले ढोंग करत होती असा मुळीच नव्हे. अर्थ असा, की काळजीपूर्वक देखरेख, धीर, नियमित दिनक्रम आणि जाणारा काळ ह्यांनीच पुष्कळ मुलांना उतार पडतो. म्हणून कोणताही उपाय "लागू पडला" असे म्हणण्याआधी थोडे थांबावे. आणि ज्या उपायात धोका आहे, तो तर करूच नये.

मान झटक्याने मोडून घेण्यात धोका आहे. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. जोराच्या हिसक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते आणि पक्षाघातासारखा प्रसंग ओढवू शकतो. असे क्वचितच घडते, हे मान्य. पण ज्या मानेत सरकलेले काहीच नाही तिच्यासाठी हा क्वचितचा धोका तरी का पत्करावा? हलक्या हाताने तेल लावून मान चोळून देण्यास हरकत नाही; मुलाला बरे वाटते, आजीच्या हाताचा आधारही वाटतो. मात्र झटक्याच्या वेळी काही मुलांना स्पर्शसुद्धा सोसत नाही. तेव्हा त्याला विचारून चोळावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती नीट ऐका आणि शेजाऱ्यांनाही सांगा. मान धरणे नेहमीच निरुपद्रवी असते असे समजून गाफील राहू नका. ताप, डोकेदुखी, उलट्या, आणि मान इतकी ताठ की हनुवटी छातीला लागत नाही, ही मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची, म्हणजे मेंदूज्वराची लक्षणे असू शकतात. मूल सुस्त पडू लागले, बरळू लागले, झटके आले, अंगावर जांभळट ठिपके उठले, तर क्षणाचाही विलंब लावू नये. रात्र असो, पाऊस असो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका मागवावी आणि रुग्णालय गाठावे. क्षयाच्या जंतूंनी होणारा मेंदूज्वर तर हळूहळू येतो. दोनतीन आठवडे बारीक ताप, चिडचिड, वजन घटणे आणि डोकेदुखी चालू राहते. तिथे "अर्धशिशी असेल" म्हणून स्वस्थ बसणे महागात पडेल.

आणखीही काही खुणा आहेत. डोकेदुखी रोज पहाटे उठवते आणि उलटी होते. दुखणे दिवसेंदिवस वाढतच जाते. मुलाची मान दिवसचे दिवस एका बाजूला कललेली राहते. चालताना तोल जातो. एकाची दोन दिसतात. हातापायांत बळ राहत नाही. किंवा पडल्यावर, मार लागल्यावर मान दुखू लागते. अशा मुलाला त्वरित डॉक्टरांना दाखवावे. पडल्यामुळे मान दुखत असेल तर ती मुळीच हलवू नये. अर्धशिशीची खूण अशी, की दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत मूल अगदी ठणठणीत असते आणि मान चारी बाजूंना मोकळी वळते. तरीही पहिल्या खेपेस निदान डॉक्टरांनीच करावे, आपण घरी करू नये.

तान्ह्या मुलांतही ह्या दुखण्याचे एक वेगळेच रूप दिसते. पहिल्या वर्षात काही बाळांची मान मधूनमधून एका बाजूला कलते. तशी ती काही तास, कधी काही दिवस राहते. बाळ किरकिरते, फिकट पडते, ओकते. मग मान आपोआप सरळ होते, आणि पुढे केव्हातरी पुन्हा कलते. स्नायडर नावाच्या डॉक्टरांनी १९६९ साली ह्याचे वर्णन केले. आता अर्धशिशीच्या नात्यातल्या आजारांत त्याची गणना होते. तीनचार वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांत हा प्रकार थांबतो. काहींना पुढे अर्धशिशी होते. पण कललेल्या मानेची दुसरी, गंभीर कारणेही असतात. म्हणून बाळाला आधी डॉक्टरांकडे न्यावे; मान चोळून सरळ करू पाहू नये.

आता उपायांकडे येऊ. आमच्या डॉक्टरांनी पहिले औषध दिले ते चाळीस पानी वही! तिच्यात रोज चार गोष्टी लिहायच्या : किती वाजता झोपला आणि उठला, काय आणि केव्हा खाल्ले, मान केव्हा धरली, डोके केव्हा दुखले आणि केव्हा थांबले. दोन महिन्यांची पाने भरली, आणि मला माझ्या अनुमानातले दुसरे भोक दिसले. झटके शनिवारी येत, हे खरेच होते. पण शनिवारी शाळा सकाळची. मुलगा शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत चाचणीचा अभ्यास करी, शनिवारी पहाटे उठून घाईघाईने अर्धा कप चहा पिऊन पळे, आणि अकरा वाजेपर्यंत त्याच्या पोटात अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब नसे. अपुरी झोप आणि रिकामे पोट झटका आणू शकतात, हे डॉक्टरांनी सांगितलेलेच होते. मी दोष दिला होता गणिताला. तेव्हापासून शुक्रवारी साडेनऊला दिवा मालवायचा आणि शनिवारी भाकरी-दूध खाऊन, पाण्याची बाटली घेऊनच घराबाहेर पडायचे, असा नियम झाला. झटके पूर्ण थांबले नाहीत. महिन्यातून दोनतीन होते, ते दोन महिन्यांतून एखाददुसरा झाले. ह्यातले किती नियमाने झाले आणि किती काळाने, हे एका मुलावरून मी ठामपणे सांगणार नाही. मघाशीच मी कावळ्याची आणि फांदीची गोष्ट सांगितली आहे. ती मलाही लागू आहे. पण ह्या उपायाला खर्च नाही आणि धोकाही नाही.

प्रत्येक मुलाचे निमित्त वेगळे असते. कोणाला उन्हात कवायत सोसत नाही, कोणाला जत्रेतले जागरण, कोणाला परीक्षेची धास्ती, कोणा मुलीला मासिक पाळीचे दिवस. आपल्या मुलाचे निमित्त वहीच दाखवील.

मानेसाठीही थोडे करता येते. दुखरी मान डोके अधिक हळवे करते, हे आपण पाहिले. जमिनीवर वही ठेवून तासन्‌तास ओणवे होऊन लिहिण्यापेक्षा पाट किंवा लहान डेस्क घ्यावे. भ्रमणध्वनी मांडीवर ठेवून, मान मोडून पाहत बसू नये. अर्ध्या तासाने उठावे, खांदे मागे फिरवावेत, मान हळूहळू, हिसका न देता दोन्ही बाजूंना वळवावी. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आणि केंद्राच्या धोरणाने २०२० साली सांगितले आहे. दप्तराने अर्धशिशी होते असे नव्हे. पण आधीच दुखणाऱ्या मानेवर ओझे कशाला? मात्र केवळ मानेच्या व्यायामाने अर्धशिशी जाते, असे सिद्ध झालेले नाही. तसे कोणी छातीठोकपणे सांगितले तर विश्वास ठेवू नका.

झटका आल्यावर काय करावे? मान धरली की लगेच मुलाला पाणी द्यावे, खाववत असेल तर थोडे खायला द्यावे, अंधाऱ्या शांत जागी निजवावे. मुलांच्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची मात्रा लिहून दिलेली असेल, तर डोके दुखू लागताच ती लवकर द्यावी. दुखणे शिगेला पोहोचल्यावर तिचा उपयोग कमी होतो. मात्र अशी गोळी आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा अधिक लागू लागली, तर डॉक्टरांना सांगावे. कारण वेदनाशामक गोळ्या फार घेतल्याने उलट रोजचीच डोकेदुखी मागे लागते. आणि अ‍ॅस्पिरिन मुलांना आपल्या मनाने कधीही देऊ नये. त्याने यकृत आणि मेंदू ह्यांना घातक असा एक विकार क्वचित होतो. झटके वारंवार येऊन शाळा बुडत असेल, तर पुढचे उपचार डॉक्टर सांगतील. मन शांत ठेवण्याचे आणि वेदनेला तोंड देण्याचे पद्धतशीर शिक्षण दिल्याने मुलांना चांगला फायदा होतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आले आहे. त्यात ते शिक्षण औषधाच्या जोडीने दिले होते.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. तुमच्या पन्नास मुलांच्या वर्गात अशी एकदोन मुले असण्याचा पुरा संभव आहे. ती स्वतःहून "मला अर्धशिशी आहे" असे म्हणणार नाहीत. ती म्हणतील, "बाई, मान दुखते," "गुरुजी, फळ्याकडं बघवत नाही." त्या वेळी त्याला तासभर कोपऱ्यात, खिडकीपासून दूर, डोके टेकून पडू द्या. पाणी पाजा. अंगाला हात लावून ताप आहे का पाहा, आणि हनुवटी छातीला लावता येते का ते त्याचे त्यालाच करून दाखवायला सांगा. ताप असेल किंवा मान ताठ असेल, तर पालकांची वाट पाहत न बसता दवाखाना गाठा. नसेल, तर झोपू द्या आणि पालकांच्या कानावर घाला. बुडालेला तास पुन्हा भरून काढता येतो. अंगठे धरून उभे करण्यासारख्या शिक्षा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदच केल्या आहेत. पण "नाटकं करतोस" हे वाक्य कोणत्याही कायद्यात बसत नाही, ते आपले आपणच बंद केले पाहिजे. ते वाक्य ऐकले की मूल दुखणे लपवू लागते. लपवलेले दुखणे अर्धशिशीचे असेल तर त्या मुलाचे हाल होतात. मेंदूज्वराचे असेल तर त्याच्या जिवावर बेतते.

माझा भाचा आता नववीत आहे. परवा शाळेतून येऊन म्हणाला, "मामा, मान धरतेय. मी जरा पडतो." मी त्याला पाणी दिले आणि खिडकी लावून घेतली. दोन तासांनी तो उठला, आपल्या वहीत वेळ लिहून ठेवली, आणि मग दप्तरातून गणिताचे पुस्तक काढून बसला.